कॉर्नवॉल नावातलं ‘कॉर्न’ आणि ‘वॉल’ कुठलं?

पंचगंगाकाठ: गावा-मुलखांच्या नावांवर भित्तिपत्रक करतोय. कोल्हापूरच्या शेजारी इंग्लंडमधली कॉर्नवॉल काउंटी घेतलीय. ‘कॉर्न’ म्हणजे धान्य, ‘वॉल’ म्हणजे भिंत, असं एका टिपणात आहे. लावू का?

करवीरवाचक: नका लावू. आजच्या स्पेलिंगवरून फोड केली की हमखास फसायला होतं. आधी जुनी नोंद बघायची. अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्रज लोकांच्या, बखरीत ८९१ सालाखाली लिहिलंय, की वल्हीच नसलेल्या नावेतून तीन आयरिश माणसं सात रात्रींनी ‘ऑन कॉर्नवालुम’ किनाऱ्याला लागली. यातला ‘-उम’ हा अनेकवचनी प्रत्यय महत्त्वाचा. म्हणजे हे आधी लोकांचं नाव, मुलखाचं नंतर.

पहिला भाग तिथल्या केल्टिक लोकांचा. कॉर्निश भाषेत मुलखाला आजही ‘केर्नो’ म्हणतात. मूळ अर्थ शिंग. नकाशा बघा, जमीन शिंगासारखी समुद्रात घुसलीय. लॅटिन ‘कोर्नू’, इंग्रजी ‘हॉर्न’, संस्कृत ‘शृंग’ आणि आपलं शिंग, सगळी एकाच कुळातली. दुसरा भाग अँग्लो-सॅक्सनांचा ‘वेआलास’, म्हणजे परके, परभाषी. ‘वेल्स’ त्यातूनच आलं. वॉलनटमधला ‘वॉल’सुद्धा तोच: परमुलखातलं कवचफळ, आपला अक्रोड.

रंकाळा_सांज: पुस्ती जोडतो. ‘वेआलास’चं मूळ ‘वोल्के’ या एका केल्टिक टोळीच्या नावात मानतात. जर्मानिक लोकांनी (अँग्लो-सॅक्सन त्यांतलेच) ते सगळ्याच परक्यांना लावलं. आपल्याकडे आयोनियाच्या ग्रीकांवरून आलेला ‘यवन’ असाच पसरला.

पण म्हणून ‘वॉल’ दिसलं की परके, असं धरू नका. इंग्लंडात वॉल्टन नावाची बरीच गावं आहेत. कुठे त्यात ‘परके’, कुठे भिंत, कुठे झरा, कुठे रान. प्रत्येक गावाची जुनी नोंद वेगळी काढावी लागते.

पंचगंगाकाठ: म्हणजे निम्मं नाव त्यांचं, निम्मं शेजाऱ्यांनी चिकटवलेलं! मग कोल्हापूरला हीच रीत लावायची?

करवीरवाचक: हो, तीच. कोल्हासुर राक्षसावरून नाव पडल्याची कथा ‘करवीर माहात्म्या’तली, तिचा मान वेगळा. शिलाहार राजांच्या काळातल्या शिलालेखांत रूप येतं ‘कोल्लापूर’, म्हणजे ‘ल्ह’ नाही, ‘ल्ल’. फोड तिथून सुरू करा. कथा आणि लेखातलं रूप एकाच ओळीत घालू नका, दोन रकाने आखा. कॉर्नवॉललाही तसंच: एका रकान्यात ‘केर्नो’, दुसऱ्यात ‘वेआलास’.