एकच जिरा आणि चार टीम: वर्कफ्लो सगळ्यांचा सारखा ठेवायचा का?

टाचण विचारतात:

सॉफ्टवेअरची टीम जिरावर (कामांची नोंद आणि पाठपुरावा ठेवायचं सॉफ्टवेअर) आहे, मार्केटिंग ट्रेलोवर (कामांची कार्डं बोर्डावर लावायचं साधन), फायनान्स आणि एचआर एक्सेल-ईमेलवर. मिळून साधारण ६० माणसं. आता सगळ्यांना जिरावर आणायचं ठरलंय. पहिला मसुदा म्हणून एकच वर्कफ्लो (काम ज्या टप्प्यांतून जातं तो मार्ग) केला तर त्यात ११ स्टेटस (टप्पे) झाले. मार्केटिंगला 'कोड रिव्ह्यू' नको, सॉफ्टवेअरवाल्यांना 'बजेट मंजुरी' नको. पण प्रत्येकाला वेगळा वर्कफ्लो दिला तर व्यवस्थापनाला एकत्र चित्र कसं दिसणार? दुसरी अडचण म्हणजे एका टीमचं काम दुसरीकडे गेलं की ते नेमकं कोणाकडे आहे हेच समजत नाही. मांडणी कशी करावी?

दोरखंड:

वर्कफ्लो वेगळेच ठेवा. एकत्र चित्रासाठी स्टेटसची नावं सारखी असायची गरज नाही. जिरात प्रत्येक स्टेटस टू डू, इन प्रोग्रेस किंवा डन यांपैकी एका कॅटेगरीत बसतो. 'बजेट मंजुरी' आणि 'कोड रिव्ह्यू' दोन्ही इन प्रोग्रेसमध्येच येतात. डॅशबोर्डचे फिल्टर स्टेटस कॅटेगरीवर लावले की टीमने आपल्या स्टेटसची नावं बदलली तरी रिपोर्ट मोडत नाही.

सारखी ठेवायची ती फील्डं (कामाच्या नोंदीतले रकाने), आणि तीही मोजकी: मागणी कोणत्या टीमची, जबाबदार माणूस, तारीख, अग्रक्रम. इथे एक निर्णय सुरुवातीलाच घ्या. टीम-मॅनेज्ड प्रोजेक्टमध्ये (ज्याची मांडणी टीम स्वतः करते) बनवलेली कस्टम फील्डं त्या प्रोजेक्टपुरतीच असतात. दोन टीमनी 'मागणी कोणाची' नावाचं फील्ड आपापलं बनवलं तर नाव एकच, पण जिराच्या लेखी ती दोन वेगळी फील्डं. मग एकत्र फिल्टर अर्धवट निकाल देतो आणि कारण चटकन सापडत नाही. ज्यांचा रिपोर्ट एकत्र हवा ते प्रोजेक्ट कंपनी-मॅनेज्ड (मांडणी ॲडमिनच्या हातात) करा.

आणि रिझोल्यूशन (काम कसं निकाली निघालं ते सांगणारं फील्ड) विसरू नका. नवा वर्कफ्लो घाईत बनवला की शेवटच्या ट्रान्झिशनवर (एका स्टेटसमधून दुसऱ्यात जाताना) रिझोल्यूशन भरणारं पोस्ट फंक्शन (आपोआप होणारी क्रिया) लावायचं राहून जातं. तिकीट (एका कामाची नोंद) बोर्डाच्या डन कॉलममध्ये दिसतं, पण किती कामं आली आणि किती संपली या रिपोर्टमध्ये ते उघडंच मोजलं जातं. उलट्या दिशेनेही तेच: तिकीट पुन्हा उघडताना रिझोल्यूशन पुसलं गेलं पाहिजे. बोर्ड लावताना प्रत्येक स्टेटस कुठल्या तरी कॉलमला जोडलाय ना, तेही बघा. न जोडलेल्या स्टेटसमधलं तिकीट बोर्डावर दिसतच नाही, आणि लोकांना ते डिलीट झालं असं वाटतं.

पाटीपेन्सिल:

'काम कोणाकडे' हा तुमचा खरा प्रश्न आहे, वर्कफ्लोपेक्षा मोठा. मार्केटिंगला नवं वेबपेज हवं असेल तर मार्केटिंगचं तिकीट सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टमध्ये हलवू नका. हलवलं की तिकिटाचा क्रमांक बदलतो, समोरच्या प्रोजेक्टमध्ये नसलेली फील्डं गळतात आणि मार्केटिंगच्या बोर्डावरून काम गायब होतं. दोन तिकिटं ठेवा. मार्केटिंगचं मोहिमेचं, सॉफ्टवेअरचं पेजचं, आणि दोघांत 'ब्लॉक्स' लिंक (एक काम दुसऱ्यामुळे अडलंय हे दाखवणारी). प्रत्येकावर एकच माणूस. 'दोघं मिळून बघतील' असं असाइन करायची सोय जिरात नाही, आणि ते बरंच आहे.

मागणी फॉर्ममधूनच घ्या, चॅटवरून नाही. फॉर्मला पाच प्रश्न पुरतात: काय हवंय, कशासाठी, कधी आणि तीच तारीख का, मंजुरी कोण देणार, सोबतच्या फाइली. जास्त विचारलं की लोक 'लागू नाही' लिहून पुढे जातात. आलेल्या मागण्या बघायला प्रत्येक टीममध्ये आठवड्याला एक माणूस नेमा. एका कामाच्या दिवसात त्याने घेतलं, परत पाठवलं किंवा नाही म्हटलं, यांपैकी एक उत्तर द्यायचंच.

तारखेची दोन फील्डं करा: 'हवी तारीख' मागणाऱ्याने भरायची, 'कबूल तारीख' काम करणाऱ्या टीमने. एकच फील्ड असलं की मागणाऱ्याची इच्छा समोरच्याचं वचन म्हणून वाचली जाते आणि निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात.

ताळेबंद:

वरच्या दोघांशी सहमत, पण फायनान्स-एचआरवर स्प्रिंट (ठरावीक मुदतीच्या कामाच्या फेऱ्या) लादू नका. त्यांचं काम तारखेला बांधलेलं किंवा अचानक येणारं. त्यांना कानबान बोर्ड (अशा फेऱ्यांशिवाय कामं सलग पुढे सरकवणारा) आणि इन प्रोग्रेसवर मर्यादा पुरते. गणित साधं आहे: २४ कामं हातात आणि आठवड्याला ६ पूर्ण होत असतील, तर एका कामाला सरासरी ४ आठवडे लागणार. वेग तोच ठेवून हातातली कामं १२ वर आणली की २ आठवडे. स्टोरी पॉइंटवरून (काम किती मोठं याचा टीमने लावलेला अंदाज) मात्र टीमची आपसात तुलना कधीच करू नका. प्रत्येक टीमचं माप वेगळं असतं.

फायनान्सची सगळी अंतर्गत कामं जिरात आणायचा हट्टही धरू नका. महिनाअखेरचा ताळमेळ एक्सेलमध्येच नीट होतो. दुसऱ्या टीमला लागणारं तेवढं आणा. त्या चार-पाच दिवसांसाठी 'महिनाअखेर' नावाचं एक तिकीट बोर्डावर ठेवलं तरी माणसं अडकलेली आहेत हे इतरांना दिसतं.

एचआरचा प्रोजेक्ट वेगळा आणि बघायची परवानगी फक्त एचआरला. नवा माणूस रुजू होतोय म्हणून आयटीला तिकीट द्यायचं तर त्यात नाव, रुजू तारीख, टीम आणि लागणारी साधनं एवढंच. पगाराचं पत्र जोडू नका. परवानग्या लावून झाल्या की साध्या कर्मचाऱ्याच्या खात्याने लॉगिन करून सर्चमध्ये काय दिसतं ते तपासा. ॲडमिनच्या खात्यावरून ही चूक कळत नाही.

टाचण:

दोन तारखांचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता, उद्याच करतो. ट्रेलोवरची जुनी कार्डं सगळी आणायची का?

पाटीपेन्सिल:

नाही. फक्त उघडी कामं आणा. बाकीचं एक्सपोर्ट करून जपून ठेवा. सीएसव्हीने (एक्सेलमध्ये उघडणारी साध्या तक्त्याची फाइल) आणणार असाल तर आधी २० ओळी चाचणी प्रोजेक्टमध्ये घालून बघा. सगळ्यात जास्त गोंधळ तारखेच्या फॉरमॅटमध्ये होतो: ०४/०५ म्हणजे ४ मे की ५ एप्रिल? माणसांसाठी फाइलमध्ये नावाऐवजी ईमेल ठेवा.

दोन्ही साधनं दोन आठवड्यांपेक्षा जास्त समांतर चालवू नका, नंतर ट्रेलोचा बोर्ड बंद करा. बंद केलेला बोर्ड डिलीट होत नाही, लागला तर पुन्हा उघडता येतो. आणि पहिल्याच दिवशी प्रत्येकाची ईमेल नोटिफिकेशन कमी करा: तिकीट नावावर आलं किंवा कोणी उल्लेख केला, तेव्हाच मेल. एरवी मार्केटिंगवाले तिसऱ्या दिवशी जिराच्या मेलना फिल्टर लावतात, आणि त्यात खऱ्या मागण्याही जातात.