‘उष्टं कशाला वाढून घेता?’ म्हणणाऱ्यांना

माडाखालची
परवा इथे, या वाचनकट्ट्यावर, एका गृहस्थांनी हिशेब मांडला. वर्षाला २० पुस्तकं, हातात ३० वर्षं, म्हणजे उरली ६००. त्यात वाचलेलंच पुन्हा वाचणं म्हणजे उष्टं वाढून घेणं. दोन दिवस गप्प बसले, आता बसवत नाही.

मी दापोलीची. साने गुरुजींचं पालगड आमच्याच तालुक्यात, त्यामुळे ‘श्यामची आई’ घरातलंच. आठवीत बाईंनी वर्गात वाचून दाखवलं. श्याम पोहायला घाबरतो आणि आई त्याला शिंपटीने बदडून धाडते, तिथे मला त्या आईचा असा राग आला होता की घरी येऊन आमच्या आईशी बोलले नाही. मग माझा मुलगा नऊ वर्षांचा झाला. विहिरीत उतरायला सांगितलं की खांबाला मिठी मारायचा. एकदा मी हात उगारला, आणि रात्री कपाटातून ते पुस्तक काढलं. पोराला कुणी भित्रा म्हणू नये म्हणून मारणारी ती बाई स्वतः किती भ्यायली असेल, हे आठवीत कुठून कळणार? यात उष्टं काय आहे ते सांगा.

सड्यावरचा
तो हिशेब मांडणारा गृहस्थ मीच. ताई, प्रसंग छान सांगितलात. पण ‘पुस्तक तेच, मी बदलले’ हे मी आता पुस्तकांपेक्षा जास्त वेळा वाचलंय. माझं दुखणं वेगळं आहे. पेंडशांची कादंबरी ‘गारंबीचा बापू’ १९५२ची. सत्तर वर्षं उलटली, तरी चार माणसं जमली की कोकण म्हणजे बापू, चहाच्या हॉटेलातली राधा आणि सुपारी. आज आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी माणूस राहतो, त्याची पोरं आमच्या शाळेत मराठी कविता पाठ करतात. त्यावर कुणी लिहिलंच तर वाचायला तुम्हाला सवड कुठे? तुम्ही आपल्या राधेकडे चहाला!

पागोळी
सडेकर, राधेला मधे आणायचं काम नाही. आणि सवडीचं म्हणाल तर ऐका. ३ जून २०२०. निसर्ग वादळात आमची कौलं गेली, नंतर एकवीस दिवस वीज नाही. मोबाइल बंद, आई ८१ वर्षांची, सारखी विचारायची, ‘वारा परत येतोय का रे?’ बॅटरीच्या मिणमिणत्या उजेडात मी तिला ‘व्यक्ती आणि वल्ली’तला अंतू बर्वा वाचून दाखवायचो. अक्षर दिसत नसे तिथे ती पुढचं सांगायची. नवीन पुस्तक अंधारात वाचून दाखवा बघू.

सड्यावरचा
म्हणजे पुनर्वाचनाला आधी छप्पर उडावं लागतं. मान्य.

पागोळी
थट्टा करायला विषय मिळाला तुम्हाला. ज्याचं उडालं त्याला विचारा.

खारं वांगं
तुम्ही दोघं भांडा, पण पुन्हा वाचायला पुस्तक उरतं कुठे आपल्याकडे? माझ्या जांभ्याच्या भिंतीतून वाळवी आली आणि कपाटाच्या पाठीमागून शिरून कवितेचा अख्खा खण फस्त केला. वरून पुठ्ठे शाबूत, उघडलं तर आत माती. यंदा डांबरगोळ्या टाकल्यात.

माडाखालची
वाळवीचं जाऊ द्या, डांबरगोळ्यांनी बुरशीही जात नाही. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, खाली पाट ठेवा, उघडीप मिळेल तेव्हा दारं सताड उघडी. कोंडलेल्या दमट हवेनेच बुरशी धरते.

खारं वांगं
आमचे आजोबा दिवाळी झाली की सगळी पुस्तकं अंगणात उन्हात घालायचे. पापडांच्या शेजारी. साठ वर्षं टिकली.

माडाखालची
टिकली, पण पानं कशी झालीयत? कडक उन्हाने कागद पिवळा पडून कुरकुरीत होतो. सावलीत, वाऱ्यावर घालायची. पापड आणि पुस्तक एक नव्हे.

खारं वांगं
आजोबांवर जाऊ नका.

नाखवा
लोखंडी कपाट घेयात, वाळवीचा कामच सोपला.

पागोळी
नाखवा, लोखंडी कपाटाला खाऱ्या हवेत गंज चढतो आणि आतून घाम सुटतो. माझी दोन पुस्तकं एकमेकांना अशी चिकटलीयत की आता त्यांचा संयुक्त खंड झालाय.

पिंपळपार
वाळवी परवडली. आमच्या गावच्या वाचनालयाने गेल्या वर्षी ‘निर्लेखन’ केलं. फाटकी, जीर्ण म्हणून गोण्या भरून रद्दीत. त्यात शाळेत असताना मी सहा वेळा नेलेलं पुस्तक होतं, मागच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के माझेच. मी रद्दीवाल्याकडे धावलो तोवर टेम्पो गेला होता. फाटलं होतं ते कशाने? वाचून वाचूनच ना? कोरं राहिलेलं पुस्तक कपाटात सुखरूप आणि लोकांनी झिजवलेलं रद्दीत, हा कुठला न्याय? ज्यांनी गोण्या भरल्या त्यांना दोन शब्द सुनावून आलो, त्यांनी नियम दाखवला.

माडाखालची
अहो, २२ जुलै २०२१ला चिपळूणच्या पुरात किती घरांतली पुस्तकं चिखल झाली! माझ्या नणंदेने ओली पानं दोरीवर वाळत घातली होती, एकेक करून. उपयोग झाला नाही. तिला सगळ्यात जास्त रडू नव्या पुस्तकांचं नाही आलं. लग्नात मिळालेलं, दरवर्षी मार्गशीर्षात वाचायची ते एक गेलं, त्याचं आलं. बाजारात नवी प्रत मिळते. घेतली नाही अजून.

नाखवा
खरा हा. आमच्या घरात पण असाच.

सड्यावरचा
बरं. विषय वाळवीवर गेलाच आहे तर सांगून टाकतो, नंतर कुणीतरी उकरून काढण्यापेक्षा. पेंडशांच्याच ‘तुंबाडचे खोत’ कादंबरीचे दोन खंड घेतले होते. पहिला वाचायला काढायच्या आतच वाळवीने खाल्ला. दुसरा तीनदा वाचलाय. जगबुडी नदीकाठच्या त्या खोतांचं आधी काय झालं ते दर वेळी मनानेच रचतो, आणि दर वेळी वेगळं रचलं जातं. याला पुनर्वाचन म्हणायचं असेल तर म्हणा. नेपाळ्याच्या पोरांचा मुद्दा मी सोडलेला नाही.

माडाखालची
माझ्याकडे दोन्ही खंड आहेत. घरी न्यायला मिळणार नाहीत. ओटीवर बसून वाचा, आणि येताना ते नेपाळी राखणदाराबद्दल कुणी लिहिलं असेल तर घेऊन या.

खारं वांगं
तिथे कपाट कसं ठेवलंय त्याचा फोटो टाका. वीतभर म्हणजे नक्की किती ते मला बघायचंय.