टेन्स म्हणजे काळ, टाइम म्हणजेही काळ. मग 'टेन्सलेस'ला काय म्हणायचं?

उंबरठा: तत्त्वज्ञानात एम. ए. करतेय. काळाच्या तत्त्वज्ञानावरचा लघुप्रबंध मराठीतच लिहायचा हट्ट आहे आणि पहिल्याच प्रकरणात अडले. ब्रिटिश तत्त्वज्ञ मॅक्टॅगर्टने १९०८ साली घटनांच्या दोन मांडण्या वेगळ्या केल्या. ए-मालिकेत घटना आधी भविष्यात, मग वर्तमानात, मग भूतात. तिची जागा सतत बदलते. बी-मालिकेत नुसतं आधी आणि नंतर, ते नातं कधीच बदलत नाही. ही दुसरी मांडणीच खरी मानणारे ते बी-वाले. त्यांच्या मताला 'टेन्सलेस', म्हणजे क्रियापदाच्या काळाविना, म्हणतात. 'काळाचा काळरहित सिद्धान्त' लिहिलं तर वाटेल, ही मंडळी काळच नाकारतात. काळ नाकारला तो मॅक्टॅगर्टने! मार्गदर्शक 'कालातीत' सुचवतात. पण दोन आणि दोन चार हे कालातीत. परवा पडलेला पाऊस नव्हे.

शब्दकण: 'लकार' घ्या, म्हणजे संस्कृत व्याकरणातली क्रियापदाच्या रूपांच्या गटांची नावं. पाणिनीने अर्थ आणि रूप यांची गल्लत होऊच दिली नाही. 'वर्तमाने लट्': वर्तमान हा अर्थ, लट् हा लकार. म्हणून 'निर्लकार सिद्धान्त'.

पाणवठा: लकार दहा आहेत. त्यात आज्ञेचा लोट् आणि विध्यर्थाचा लिङ् आला, त्यांना भूत-भविष्याशी काय देणंघेणं? आणि प्रत्येक वेळी संस्कृतच का? मराठी व्याकरणात 'आख्यात', म्हणजे क्रियापदाचं रूप, आहे की. आपण हाकेला 'आलोच!' म्हणतो. रूप लाख्यात, म्हणजे 'ल'चं भूतकाळी, पण माणूस अजून यायचाय. रूप एक आणि काळ दुसरा, हे आपली भाषा रोज दाखवते.

शब्दकण: आख्यात काय मराठीत उगवलं? यास्काच्या निरुक्तात, म्हणजे वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीच्या प्राचीन ग्रंथात, नाम, आख्यात, उपसर्ग, निपात अशी विभागणीच आहे.

पाणवठा: उगवलं कुठे हा प्रश्नच नाही. नांदतं कुठे, ते बघा.

उंबरठा: 'आलोच' मी नक्की वापरणार. पण ए-वाल्यांचा, म्हणजे ए-मालिका खरी मानणाऱ्यांचा, दावा क्रियापदांबद्दल नाही, ही खरी अडचण आहे. त्यांच्यातल्या तत्त्वज्ञ प्रायरचा १९५९चा युक्तिवाद घ्या. एखादा त्रास संपल्यावर आपण म्हणतो, 'सुटलो एकदाचा.' तो अमुक तारखेला संपतो, हे तर आधीही खरं होतं. हायसं वाटतं ते तो मागे पडला म्हणून. हे मागे पडणं जगात आहे की बोलण्यात, यावरच तर सगळा वाद! 'निराख्यात' म्हटलं की ते बोलण्यातलंच आहे, असा निकाल नावातच लागतो.

जुनं पान: जरा बाजूचं, पण महत्त्वाचं. तिन्ही काळांतल्या घटना सारख्याच खऱ्या मानणाऱ्यांना कृपया 'शाश्वतवादी' म्हणू नका. बौद्ध परंपरेत शाश्वतवाद हा उच्छेदवादाच्या (मेल्यावर काहीच उरत नाही, या मताच्या) विरुद्ध टोकाचा, आत्मा नित्य मानणारा वाद. वाचक तिकडेच जाईल. तिथल्याच एका पंथाचा 'सर्वास्तिवाद' जास्त जवळचा. भूत, वर्तमान, भविष्य यांतले सर्व धर्म (म्हणजे अस्तित्वाचे मूळ घटक) 'आहेत', असंच ते म्हणतात.

उंबरठा: पण वर्तमान धर्म वेगळा का, तर तो कार्य करतो म्हणून, असं तेच म्हणतात ना? म्हणजे ए-मालिका मागच्या दाराने आत आली. नाव उसनं घेतलं तर हा भेदही पदरात घ्यावा लागेल.

शब्दकण: मुळात 'काल' हा शब्दच कल् धातूतून, म्हणजे मोजणं. गीतेत 'कालः कलयतामहम्' आहेच. आपला कालपरवातला 'काल'सुद्धा त्यातलाच: मोजून झालेला दिवस.

जुनं पान: नाही हो. तो 'कल्य'मधून, म्हणजे पहाट. म्हणून तर हिंदीत 'कल' मागचाही आणि पुढचाही.

पाणवठा: उंबरठाताई, काळ सोडा, 'वेळ' घ्या! 'वेळ लागला' पुल्लिंगी, तो अवधी. 'वेळ झाली' स्त्रीलिंगी, तो नेमका क्षण. लिंग बदलून इतका मोठा भेद करणारा शब्द हाताशी असताना आपण लट् आणि लिङ् घोळत बसलोय.

जुनं पान: मग 'वाईट वेळ आली' याचं काय? ती वर्षानुवर्षं टिकते. क्षण कुठला?

पाणवठा: टिकली तरी ती 'येते' आणि 'टळते'. 'लागत' नाही, 'घालवता' येत नाही. लांबीवर लिंग ठरतच नाही, क्रियापद बघा.

शब्दकण: आत्ताच तर तुम्ही अवधी आणि क्षण म्हणालात.