असिस्टेड लिव्हिंगची जागा हातीपायी धड असतानाच बघून ठेवावी का? (पुणे)

पेठेतली_ताई
नमस्कार. मी ६७, मिस्टर ७३. नारायण पेठेत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. मागच्या वर्षी मिस्टरांना पार्किन्सन्स निघाला. अजून स्वतःचं सगळं स्वतः करतात, पण शर्टाची बटणं लावायला आता दहा मिनिटं लागतात आणि मी पुढे झाले की म्हणतात राहू दे, मी करतो. मुलगी बंगळुरूला असते, ती म्हणते इकडे या, पण तिथे अकराव्या मजल्यावर दिवसभर दोघंच बसून काय करणार, इथे लक्ष्मी रोडला उतरलं तरी चार ओळखीची माणसं भेटतात. म्हणून मनात आलं की पुण्यातच, रोजच्या कामांत मदत मिळेल अशी राहायची जागा आत्ताच बघून ठेवावी. मिस्टरांचं म्हणणं, आत्तापासून वृद्धाश्रम कशाला. माझी घाई होतेय का? आणि बघायला गेलं तर विचारायचं काय?

मुठाकाठी
ताई घाई अजिबात नाही. आमच्याकडे उशीर झाला त्याचं सांगतो. आई ७९ वर्षांची, कोथरूडला एकटी राहायची, पहाटे बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं पण आठव्या दिवशी डिस्चार्ज म्हणाले आणि मी नि बहीण हॉस्पिटलच्या जिन्यात उभे राहून एकेका ठिकाणी फोन लावतोय. दोन ठिकाणी सरळ सांगितलं बेडरिडन पेशंट घेत नाही, एकीकडे वेटिंग, चौथ्या ठिकाणी तीन जणींच्या खोलीत एक पलंग मिळाला. आईने ती जागा आधी कधी पाहिलेलीच नव्हती, स्ट्रेचरवरून आत नेताना तिने एवढंच विचारलं, "खिडकी कुठल्या बाजूला आहे रे?" तिचा पलंग नेमका भिंतीकडे होता. तिथल्या लोकांनी काळजी चांगली घेतली, तक्रार नाही, पण आयुष्यभर साधी भाजीसुद्धा स्वतः निवडून आणणारी बाई, तिला ही एवढी मोठी गोष्ट निवडता आली नाही.

सिंहगड_रोडवाली
आधी एक गोष्ट स्पष्ट करून घ्या कारण सगळ्यांना सरसकट वृद्धाश्रम म्हणतात त्यामुळे घोटाळा होतो. अथश्रीसारखे ज्येष्ठांचे प्रकल्प म्हणजे स्वतःचा फ्लॅट आणि सोबतीला सोयी, ते मुळात आपलं आपण करू शकणाऱ्यांसाठी. असिस्टेड लिव्हिंग म्हणजे आंघोळ, कपडे, औषधं याला माणूस. आणि पूर्ण अंथरुणावर असेल तर नर्सिंगची जागा वेगळी. बघायला जाल तिथे पहिला प्रश्न हाच, की तब्येत आणखी बिघडली तर इथेच ठेवाल की दुसरीकडे जा म्हणाल?

माझ्या सासऱ्यांना पार्किन्सन्स होता म्हणून हे कळकळीने लिहितेय, गोळीची वेळ विचारा. लेव्होडोपा, म्हणजे पार्किन्सन्सची मुख्य गोळी, वेळेवर लागते, आठची गोळी साडेनऊच्या राउंडला दिली की ते जागच्या जागी थिजायचे, चमचा तोंडापर्यंत जायचा नाही. काहींना डाळ-उसळ-पनीर असं प्रोटीनचं जेवण आणि गोळी एकदम झाली तरी असर कमी होतो, म्हणून तिथल्या जेवणाच्या वेळा आणि गोळीच्या वेळा यांत अंतर राहतं का बघा. रात्री किती माणसं ड्युटीवर असतात तेही. सकाळी अकराला सगळीकडे छानच दिसतं, संध्याकाळी सातला जा. आणि मोजायची टेप घेऊन जा! महारेराने (गृहप्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण) २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी नियम काढलेत, त्यात दार किमान ९०० मिमी रुंद आणि व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट हवी. जुन्या इमारतीला ते लागू नसतील, पण मोजायला काय हरकत आहे. शक्य असेल तर ठरवायच्या आधी दोघांनी पंधरा दिवस राहून बघा.

निवृत्त_कॅशियर
ताई, कागदपत्रांचं सांगतो, ते याच महिन्यात करा. पार्किन्सन्समध्ये अक्षर बारीक होत जातं, सही बदलते आणि मग बँकेत चेक परत येतो, काउंटरवर असताना असे कितीतरी काका हिरमुसून परत गेलेले मी पाहिलेत. नवीन सही आत्ताच नोंदवा, खातं दोघांच्या नावावर आयदर ऑर सर्व्हायव्हर करा, म्हणजे दोघांपैकी कुणाच्याही एका सहीवर चालतं. पॉवर ऑफ अटर्नीवर सगळा भरवसा ठेवू नका, माणसाची समज गेली की आपल्याकडे ती कायद्याने संपते. मृत्युपत्र करून टाका. लिव्हिंग विलसुद्धा (शेवटच्या आजारात नुसतं यंत्रांवर जगवू नका, असं आधीच लिहून ठेवणं) करता येतं, सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये ते सोपं केलंय, दोन साक्षीदार आणि नोटरी पुरे.

पैशाचं म्हणाल तर एका माणसाने सरकारच्या सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीममध्ये कमाल ३० लाख ठेवले तर ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ६१,५०० येतात, म्हणजे महिना २०,५०० पडतात, त्यावर टॅक्स वेगळा. पण ही रक्कम पाच वर्षं तीच राहते आणि खर्च वाढतो. आज महिना ३५ हजार आणि दरवर्षी ८ टक्के वाढ धरली तर दहा वर्षांनी ७५ हजारांवर जातो. म्हणून दरवर्षी किती वाढवणार, डिपॉझिट परत कधी आणि किती कापून, एक जण गेला तर दुसऱ्याचं काय, हे करारात लिहून घ्या, तोंडी नको. नारायण पेठेतला फ्लॅट लगेच विकू नका. मुलीच्या नावावर करायचाच झाला तर बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट घाला, मुलगी कितीही चांगली असली तरी. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३, म्हणजे सांभाळलं नाही तर बक्षीसपत्र रद्द करून घेण्याची सोय, त्या अटीमुळेच उपयोगी पडतं.

आपलं_घर
मला हे पटत नाही. ब्युरोतून दिवसाची बाई ठेवा, लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये भाड्याने जा, आपलं घर ते आपलं घर.

मुठाकाठी
तेही केलं होतं आम्ही. बाई चांगली होती, पण गावाला गेली की ब्युरोवाले बदली द्यायला दोन-तीन दिवस लावायचे. आई पडली ती त्याच दिवसांत.

पेठेतली_ताई
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री जेवताना मिस्टरांना हे सगळं वाचून दाखवलं. खिडकीचं ऐकून बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, मला पूर्वेची लागेल. शनिवारी बावधनकडे दोन ठिकाणं बघायला जातोय, संध्याकाळीच. दोघांपैकी एकालाच मदत लागत असेल तर एका खोलीत राहू देतात का, याचा कुणाला अनुभव असेल तर शनिवारच्या आत सांगा.