'पेशीरेषा' की 'पेशीवंश'? (शुक्रवारी छापायचंय)

धानपट्टा: साकोलीकडच्या ढिवर (मासेमारांच्या) सोसायटीसाठी माहितीपत्रक मराठीत करतोय. सांगायचंय एवढंच, की मेलेल्या माशाचा नमुना प्रयोगशाळेत गेला की तिथे माशांच्या 'सेल लाइन'वर विषाणू वाढवून बघतात. मी 'पेशीरेषा' लिहिलं. काल मामा (माजी मालगुजारी) तलावाच्या पाळीवर वाचून दाखवलं, तर एक काका म्हणाले, "पेशी? कोन्त्या कोर्टात हाय?" त्यांची जमिनीची केस चालू आहे ना, पेशी म्हणजे त्यांना कोर्टाची तारीख. दुसरा शब्द सुचवा.

शुद्धलेखनी: 'पेशीवंश'. लाइन म्हणजे इथे रेघ नव्हे, वंशावळ. आणि पेशी शाळेतच शिकवतात, कोर्टाचा बाऊ कशाला?

जुने मास्तर: कोर्टाची पेशी फारसी 'पेश'वरून, म्हणजे पुढे, समोर. आपली पेशी संस्कृत. हिंदीत मांसपेशी म्हणजे स्नायू, आणि सेलला कोशिका. शेजाऱ्यांचाही घोळच.

फ्लास्कवाली: मी दोन वर्षं हेच काम केलंय. रोहूच्या शेपटीच्या पराचा बारीक तुकडा फ्लास्कमध्ये ठेवायचा, तापमान 28 अंशांच्या आसपास. काही दिवसांनी कडेने पेशी पसरतात. तळ भरला की ट्रिप्सिन या विकराने सोडवायच्या आणि नव्या फ्लास्कात वाटायच्या. बऱ्याच मरतात. ज्या वाटत गेलं तरी वाढतच राहतात, ती लाइन. ट्राउट माशाची आरटीजी-2 नावाची लाइन 1962 सालची, अजून चालू आहे. विषाणू जिवंत पेशीबाहेर वाढत नाही, म्हणून हा खटाटोप. नमुना टाकल्यावर पेशी गोल होऊन सुटल्या, थराला भोकं पडली, की संशय बळावतो.

बांधीवाला: अवो ताई, हे तं रोवणंच झालं! धानाचे पऱ्हे (रोपं) खणा, बांधीत (शेतात) रोवा. 'वाण' लिहा भाऊ, सगळ्याइले समजते.

फ्लास्कवाली: नको हो! वाण लिहिलं की उद्या सोसायटीवाले विचारतील, या वाणाचे जिरे कुठं मिळतात? यातून मासा कधीच होत नाही.

शुद्धलेखनी: शिवाय वाण 'वर्ण'वरून. संक्रांतीचं वाण वेगळं, ते 'वायन'.

बांधीवाला: आमची आजी दोन्ही वाण एकाच सुपात ठेवे. तिले काही अडलं नाही.

जुने मास्तर: जिऱ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून, माशाच्या पिल्लांना 'जिरे' दिसण्यावरून म्हणतात, चवीवरून नव्हे. मग 'बोटुकली' कोणी घडवला? कानाला फार गोड आहे.

शुद्धलेखनी: गोड कसला, बालवाडीतला वाटतो.

धानपट्टा: मंडळी, शुक्रवार! 'सेल लाइन'च ठेवू का? भीती एवढीच, की आमच्याकडे सेल टॉर्चमध्ये असतो आणि लाइन रोज जाते.

बांधीवाला: बोटुकलीले कोणी नावं ठेवू नका. बोटभर असते, बोटुकली. मास्तर, जिऱ्यानंतर पहिले मत्स्यबीज येते, मंग बोटुकली. ते बीज काऊन सोडलं तुम्ही?