प्रेस पडून आहे म्हणून चॅनल चालेल असं नाही

वर कोणीतरी म्हटलंय की साकीनाक्याला मित्राच्या गाळ्यात हायड्रॉलिक प्रेस (तेलाच्या दाबावर वस्तू दाबणारं यंत्र) आहेच, रविवारी वस्तू चिरडायच्या नि यूट्यूबवर टाकायच्या, पैसाच पैसा. अहो तो ‘हायड्रॉलिक प्रेस चॅनल’ नावाचं यूट्यूब चॅनल चालवणारा फिनलंडवाला लाउरी २०१५ पासून हेच करतोय, त्याचंही घरचंच वर्कशॉप, पण अर्धी मजा त्याच्या बोलण्यात नि कॅमेऱ्यामागून येणाऱ्या बायकोच्या हसण्यात आहे, ते कुठून आणणार? जाहिरातीचा हिस्सा पाहिजे तर आधी १००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४००० तास वॉचटाइम (म्हणजे लोकांनी तुमचे व्हिडिओ पाहिलेला वेळ), नाहीतर ९० दिवसांत शॉर्ट्सचे १ कोटी व्ह्यूज. करायचंच असेल तर माल कुर्ल्याच्या भंगारातून उचला, स्वस्त पडेल, फक्त मोबाइल चिरडताना बॅटरी आधी काढा (लिथियम पेटलं की गाळा धुराने भरलाच म्हणून समजा) आणि समोर जाड पॉलिकार्बोनेट (पारदर्शक, मजबूत प्लॅस्टिक) लावा, बेअरिंग फुटलं की तुकडे गोळीसारखे सुटतात.