लिथियम सेल मीटरवर ३.६ व्होल्ट दाखवतो, पण ट्रान्समिट करताना यंत्र रिसेट होतं. कुठला सेल घ्यावा?

लॉगरवाला:
नमस्कार मंडळी, जरा अडकलोय. पाइपलाइनवर बसवायचा प्रेशर लॉगर (दाब मोजून नोंद ठेवणारं यंत्र) बनवतोय, डबा पूर्ण सील, एकदा बसवला की १० वर्षं कुणी उघडणार नाही अशी अट आहे. झोपेत १० मायक्रोअँपिअर घेतो आणि दिवसातून एकदा २ सेकंद रेडिओ चालू होतो तेव्हा २५० मिलिअँपिअर. हिशेब मांडला तर १० वर्षांत झोपेचे साधारण ८७६ एमएएच (मिलिअँपिअर-तास) आणि रेडिओचे ५०० च्या आसपास, म्हणजे सगळं मिळून १.४ एएच (अँपिअर-तास). एए साइजचा लिथियम थायोनिल क्लोराइड सेल २.४ एएचचा मिळतो म्हणून तोच टाकला. टेबलावर मस्त चाललं, पण सहा महिने गोदामात पडलेले २० नग काढले तर त्यातले ७ पहिल्याच ट्रान्समिटला रिसेट! सेल काढून मीटर लावला तर व्यवस्थित ३.६ व्होल्ट. नवीन सेल टाकला की चालतं.

वरून साहेबांचं म्हणणं असं की एकच सेल ठरवा आणि तोच लॉगरमध्ये, आपल्या पोर्टेबल इन्फ्युजन पंपात (रुग्णाला मोजून औषध देणारा पंप) आणि सैन्याच्या रेडिओच्या कामात, तिन्हीकडे लावा, म्हणजे खरेदी सोपी. मला हे पटत नाहीये पण नीट सांगता येत नाही का ते.

मीटरवाला:
सेल संपलेला नाही, पॅसिव्हेट झालाय. थायोनिल क्लोराइडमध्ये लिथियमच्या पृष्ठभागावर लिथियम क्लोराइडचा पातळ थर धरतो, आणि त्या थरामुळेच हा सेल नुसता पडून राहिला तर वर्षाला १ टक्क्याहून कमी झिजतो. म्हणजे ज्या थराच्या जिवावर तुम्ही १० वर्षं म्हणताय तोच पहिल्या झटक्याला आडवा येतो. गोदाम जितकं गरम आणि पडून राहणं जितकं लांब तितका थर जाड.

मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही म्हणून ३.६ दाखवणारच, त्यावर विसंबू नका. त्या ७ पैकी एक सेल घ्या, ६८ ओहमचा रेझिस्टर लावा म्हणजे ५० मिलिअँपिअरच्या आसपास जाईल, आणि ऑसिलोस्कोपवर (व्होल्टेज वेळेनुसार कसं बदलतं ते दाखवणारं यंत्र) बघा. व्होल्टेज आधी धाडकन खाली येईल आणि मग थर फुटत जाईल तसतसं हळूहळू वर चढेल. हे डोळ्यांनी एकदा बघाच, नंतर कुणाला पटवायला लागत नाही.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. तुमचा सेल बॉबिन प्रकारचा (साठा जास्त पण करंट थोडाच देणारी रचना) दिसतोय, आणि एए साइजच्या बॉबिनकडून २५० मिलिअँपिअर मागणं मुळातच चूक, ताजा असला तरी. डेटाशीटमध्ये एएचचा आकडा ठळक असतो, तो अगदी थोडा थोडा करंट घेतला तर मिळणारा असतो, कमाल पल्स करंट खाली बारीक अक्षरात असतो, तो आधी वाचायचा. पल्स कपॅसिटरकडून घ्या. ०.२५ अँपिअर गुणिले २ सेकंद, आणि अर्धा व्होल्ट घसरण चालणार असेल तर १ फॅरड लागतो. १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तेवढा अर्धा व्होल्ट २ मिलिसेकंदातच घसरेल. सुपरकॅप (फॅरडमध्ये साठवणारा मोठा कपॅसिटर) घ्याल तर एकटा २.७ व्होल्टचाच असतो, दोन सिरीजमध्ये घालून बॅलन्स करावे लागतात आणि त्यांची गळती तुमच्या झोपेच्या करंटएवढी निघू शकते, ती हिशेबात धरा. लिथियम आयन कपॅसिटर ३.८ व्होल्टपर्यंत जातो आणि गळतीही कमी, मी तोच वापरला असता.

बायोमेड_ताई:
एकच सेल सगळीकडे ही कल्पना पंपाच्या बाबतीत तरी सोडून द्या, कळकळीने सांगते. पंप तासन्तास मोटर चालवतो आणि रोज चार्जिंगला लागतो, तिथे रिचार्जेबल लिथियम आयन पॅक लागतो, आयईसी ६२१३३ ला (रिचार्जेबल सेलच्या सुरक्षेचं मानक) तपासलेला, आणि पॅक बदलला तर पंपाची तपासणी परत करावी लागते. थायोनिल क्लोराइड सेलला चुकूनही चार्जिंग मिळता कामा नये.

आमच्या क्षेत्रात केमिस्ट्री किती विचार करून निवडतात याचं उदाहरण द्यायचं तर पेसमेकर बघा. आधीचे मर्क्युरी झिंकचे सेल दोनेक वर्षांत संपायचे, १९७२ मध्ये इटलीत लिथियम आयोडीनवाला पहिला पेसमेकर बसवला आणि चित्रच बदललं. त्यात द्रवच नाही, लिथियम आयोडाइडचा थर आपोआप तयार होतो आणि तोच सेपरेटर, म्हणजे दोन टोकं वेगळी ठेवणारा पडदा. त्याचा अंतर्गत रोध वर्षानुवर्षं सावकाश वाढत जातो म्हणून डॉक्टरांना बदलायची वेळ काही महिने आधी कळते. तुमच्या सेलचं व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट आणि मग एकदम कोसळतं, ते माणसाच्या छातीत चालणार नाही ना! आणि शरीरात बसवायच्या डिफिब्रिलेटरला (हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र) काही सेकंद दोन-तीन अँपिअर लागतात, ते लिथियम आयोडीनला झेपत नाही, म्हणून तिथे लिथियम सिल्व्हर व्हॅनेडियम ऑक्साइड. एकाच छातीच्या आतली दोन यंत्रं, सेल मात्र वेगळे.

वायरलेस_माजी:
सैन्याच्या रेडिओबद्दल थोडं. आम्ही वापरलेला बीए-५५९० पॅक लिथियम सल्फर डायऑक्साइडचा, आत १० सेल, पाच-पाचचे दोन गट, सिरीजमध्ये लावले तर २४ व्होल्ट आणि समांतर लावले तर १२. एक सेल २.८ व्होल्टचा, उणे ४० ला पण जोरात करंट देतो, म्हणूनच घेतात. पण आतला वायू दाबाखाली असतो, सेल तापला की व्हेंट उघडतं आणि डोळे-घसा जळतो, बंद जागेत हा अनुभव फार वाईट. पॅकमध्ये फ्यूज आणि उलटा करंट अडवणारे डायोड असतात, त्यांना कधी बायपास करू नका, आणि नवा-जुना सेल एकत्र तर अजिबात नको कारण कमजोर सेल उलटा ढकलला जातो. सरावाला आम्ही त्याच मापाचा रिचार्जेबल बीबी-२५९० लावायचो. म्हणजे एकाच रेडिओला पण आमच्याकडे दोन बॅटऱ्या होत्या, हे साहेबांना सांगा.

लॉगरवाला:
खूप आभार सगळ्यांचे. आज ६८ ओहम लावून बघितलं, त्या ७ पैकी एक सेल २.३ पर्यंत पडला आणि चाळीसेक सेकंदांनी ३.३ च्या वर आला, साहेब शेजारीच उभे होते, त्यांनी ते तीनदा करायला लावलं आणि मग पंपाचा विषय स्वतःच बाजूला ठेवला. आता लिथियम आयन कपॅसिटर टाकून नग परत गोदामातच गरम जागी ठेवतोय, टेबलावर टेस्ट करून फसलो होतो ना. सोल्डरिंग सेलच्या टोकावर थेट केलं तर चालेल का?

मीटरवाला:
अजिबात नाही! लिथियम १८० अंशाला वितळतं आणि सोल्डरिंग आयर्न ३५० ला असतं. कंपनीने टॅब (धातूच्या पट्ट्या) वेल्ड करून दिलेलेच सेल मागवा. आणि मागवतानाच यूएन ३८.३ ची (लिथियम सेलच्या वाहतुकीसाठीच्या सुरक्षा चाचण्या) टेस्ट समरी मागा, नाहीतर लॉगर तयार होऊन पार्सलवाल्याकडे अडकून पडतील. सुटे लिथियम मेटल सेल प्रवासी विमानाने माल म्हणून जात नाहीत, तेवढे दिवस वेळापत्रकात धरून ठेवा.